सरांच्या डोक्यातली गाठ

“काय हो उमाठे, माझं डोकं कसं काय निघालं?”

देवतळे सर दारात उभे होते. एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात बिस्किट. मी संगणकाच्या पडद्यासमोर अशी काही आडवी झाले, की पाहणाऱ्याला वाटावं ही बाई यंत्राला मिठी मारून रडते आहे.

“अजून निघतंय सर. गणित चालू आहे.”

“सकाळपासून?”

“संगणक जुना आहे ना सर.”

“डोकंही जुनंच आहे,” सर म्हणाले, स्वतःच्याच विनोदावर खूश झाले आणि बिस्किट चहात बुडवत निघून गेले.

मी बाजूला झाले. पडद्यावर सरांच्या मेंदूचा निळसर नकाशा होता, आणि त्यात उजव्या कानामागे आवळ्याएवढा पिवळाजर्द गोळा चमकत होता.

ही नागपुरातली गोष्ट, सर निवृत्त व्हायच्या वर्षातली. मी त्यांची पीएच.डी.ची शेवटची विद्यार्थिनी. आमचा विषय सांगितला की मला बघायला आलेले लोक पोहे अर्धवट टाकून उठायचे, म्हणून सोप्यात सांगते. एमआरआयच्या यंत्रात माणसाला घातलं की त्याच्या आतलं चित्र मिळतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही त्याच मोजमापांतून आणखी एक नकाशा काढायचो: शरीराचा कुठला भाग वीज किती सहज वाहू देतो, त्याचा. गाठीत खारट पाणी जास्त, म्हणून तिच्यातून वीज सहज वाहते, म्हणून ती नकाशात उठून दिसते. नेहमीच्या एमआरआयमध्ये दिसायच्या कितीतरी आधी आपल्या नकाशात गाठ दिसेल, असा सरांचा दावा होता. या दाव्यावर त्यांनी अख्खी नोकरी काढली होती.

घोडं पेंड खात होतं ते खरखरीपाशी. रेडिओचं स्टेशन नीट लागलं नाही की खरखर ऐकू येते ना, तशी यंत्राच्या मोजमापांतही असते. साध्या चित्रात ती खपून जाते. पण आमच्या गणितात मोजमापांचा चढउतार काढायचा, मग त्या चढउताराचाही चढउतार काढायचा. आणि दर वेळी ती खरखर फुगत जायची. राईचा पर्वत म्हणतात तो हाच. नकाशात मेंदूऐवजी नुसते मोहरीसारखे ठिपके दिसायचे. यावर सरांनी एक गणिती उपाय शोधला होता. आजूबाजूचे ठिपके एकमेकांत मिसळून, घोटून, सगळं गुळगुळीत करणारा. त्याला जगात ‘देवतळे फिल्टर’ म्हणत. जगात म्हणजे आमच्या विभागात आणि कोरियातल्या एका गृहस्थांकडे. सर स्वतः त्याला प्रेमानं ‘गाळणी’ म्हणत. गाळणीतून काढलेले नकाशे फारच देखणे यायचे.

माझ्या प्रबंधात एक प्रकरण होतं, खरखरीचा परिणाम मोजण्याचं. ते मला देतानाच सर म्हणाले होते, “हे आपलं रिवाज म्हणून करायचं. शेवटचं वाक्य आत्ताच लिहून टाका. ‘परिणाम नगण्य आहे.’”

आणि आमच्याकडे आणखी एक रिवाज होता. मोजणीची कुठलीही नवी तऱ्हा आली की यंत्रात पहिलं डोकं सरांचं जायचं. “विद्यार्थ्यांच्या डोक्यात आधीच काही नसतं, त्यांचं काय मोजायचं?” असं ते म्हणत. म्हणून मागच्या रविवारी सर आत गेले होते, आणि आज त्यांच्या कानामागे हा आवळा निघाला होता.

त्याच वेळी काढलेली साधी चित्रं घेऊन मी डॉक्टर पाखमोड्यांकडे पळाले. ते ज्या इस्पितळात एमआरआय विभाग सांभाळत, तिथलंच यंत्र आम्ही वापरायचो. सरांच्या बोलण्याला भुलून त्यांनी आम्हाला रविवारची सकाळ फुकटात दिली होती आणि तेव्हापासून ते पस्तावत होते.

“उजव्या कानामागे काही दिसतं का, डॉक्टर?”

त्यांनी चित्रं खालीवर केली. “काहीच नाही. मस्त डोकं आहे. वयाच्या मानानं तर फारच मस्त. काऊन? चक्कर येते का याला?”

“त्यांना नाही. मला येते.”

पायऱ्या उतरताना मी देवाला हात जोडले. सरांना गाठ नाही! आणि शेवटच्या पायरीवर माझे हात जोडलेलेच राहिले. गाठ नाही, तर मग तो गोळा आला कुठून? गाळणीतून. खरखरीचे ठिपके घोटून घोटून गाळणीनंच त्याचा गोळा वळला होता. बेसनाच्या पिठात घाईनं पाणी घातलं की गुठळी होते, तसा. म्हणजे सर ठणठणीत होते आणि सरांचं आयुष्यभराचं काम आजारी होतं. माझा प्रबंधही त्याच गाळणीवर उभा होता. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मधोमध चपला हातात घेऊन.

तरी जीव महत्त्वाचा. संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले. सर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. आतून फोडणीचा वास येत होता; काकू स्वयंपाकघरात होत्या. मी वाटेत सगळं बोलणं जुळवून आणलं होतं. आधी गोळा सांगायचा, लगेच साधी चित्रं स्वच्छ आहेत हे सांगायचं, मग हळूच गाळणीवर यायचं.

“सर, तुमच्या नकाशात उजव्या कानामागे एक गोळा दिसतोय.”

सरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “केवढा?”

“आवळ्याएवढा.”

“आणि साध्या चित्रात?”

“काहीच नाही सर. डॉक्टर पाखमोडे म्हणाले, मस्त डोकं आहे. म्हणून मला असं वाटतं की…”

सर खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा, मुलगा बोर्डात पहिला आल्यासारखा उजळला होता. त्यांनी माझा हात धरून गदागदा हलवला.

“अभिनंदन, उमाठे! अभिनंदन!”

“सर?”

“साध्या एमआरआयला दिसत नाही आणि आपल्याला दिसते! हेच म्हणत होतो ना मी? लोक हसत होते. पुराव्यासाठी रोगी मिळत नव्हता. आणि रोगी घरातच होता!” त्यांनी स्वतःच्या कानामागे कौतुकानं हात फिरवला. “किती दिवस बसली असेल हो इथे, बिचारी.”

“कोण बिचारी?” काकू झारा हातात घेऊन दारात उभ्या होत्या. देवतळेकाकू म्हणजे शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई. त्या दारात उभ्या राहिल्या की मला उगाच गृहपाठ राहिल्यासारखं वाटे.

“अगं, गाठ निघाली! माझ्या डोक्यात!”

“बाप्पा!” काकू खाली बसल्या. झारा सतरंजीवर पडला. मग त्यांनी सरांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. “आणि तुम्ही हसून काय राहिले?”

“अगं, ती गाळणीनं शोधली!”

मी घाईघाईनं मध्ये पडले. “काकू, गाठ नाहीये. डॉक्टरांनी चित्रं पाहिली आहेत. मला वाटतं ती खरखर आहे. गाळणीची चूक…”

“चूक?” सर म्हणाले. आवाज चढवला नाही, पण खोलीतला पंखासुद्धा मंद झाल्यासारखा वाटला. “उमाठे, सगळ्या जगात गाळणीनं आजवर एकही चुकीचा नकाशा दिलेला नाही.”

दिलेला नाही याचं कारण, तो चुकीचा आहे की बरोबर हे पाहायची वेळच कुणावर आली नव्हती; पण हे सांगायला ती वेळ बरी नव्हती.

“मी उद्याच मेंदूच्या सर्जनला भेटतो,” सर म्हणाले. “कवटीला एक छोटंसं भोक, त्यातून सुई, एक तुकडा बाहेर. संपलं. सिद्ध होईल.”

“छोटंसं भोक?” काकू उठून उभ्या राहिल्या. “भिंतीला खिळा ठोकायचा म्हटला तर महिनाभर विचार करता तुम्ही. आणि डोक्याला भोक?”

“विज्ञानासाठी…”

“कोणता सर्जन ऐकेल तुमचं? डॉक्टर म्हणून राहिले ना, की काही नाही म्हणून?”

“पटवीन मी त्याला.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी काकूंकडे. आम्हा दोघींनाही ठाऊक होतं की सर पटवतील. ज्या माणसानं इस्पितळाकडून करोडोंचं यंत्र दर रविवारी फुकट मिळवलं, त्याला एक सर्जन किती जड?

“एक सांगा मला,” काकू म्हणाल्या. आता त्यांचा आवाज मुख्याध्यापिकेचा नव्हता. “ही पोरगी म्हणते गाठ नाही, गाळणी खोटी. तुम्ही म्हणता गाळणी खरी, गाठ आहे. तुम्हाला यातलं काय पाहिजे? देवाशपथ सांगा.”

सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“म्हणजे तुम्ही गेले तरी चालेल, पण गाळणी राहिली पाहिजे?”

“असं कुठं म्हटलं मी?”

“मग म्हणा ना, गाठ नको म्हणून.”

सरांनी वर्तमानपत्र उचललं, उलटं धरलं, परत ठेवलं. आणि काकू रडायला लागल्या. मी इतकी वर्षं त्या घरी जात होते, काकूंना रडताना पहिल्यांदाच पाहत होते. मला सरांचा असा राग आला की त्या क्षणी कुणी छिन्नी दिली असती तर भोक मीच पाडलं असतं.

“रविवारी परत काढू सर,” मी म्हटलं. “तीच मोजणी. लागोपाठ तीनदा. गाठ खरी असेल तर तिन्ही वेळा एकाच जागी दिसेल. खरखर असेल तर जागा बदलेल. नाही बदलली, तर मी स्वतः तुमच्याबरोबर सर्जनकडे येईन.”

“एकदा दिसलं म्हणजे दिसलं. परत कशाला?”

काकूंनी पदरानं डोळे पुसले. “मी वांगं पण दोनदा उलटून पाहून घेते. रविवारी जायचं. तोवर सर्जनचं नाव काढलं तर जेवण बंद.”

सरांना जेवण प्रिय होतं. ते कबूल झाले.

तुलना करायला मला आणखी काहीतरी हवं होतं, ज्यात गाठ असणं शक्यच नाही असं. एरवी आम्ही मीठ घातलेली जेली एका मोठ्या वाडग्यात बसवायचो, पण त्या वाडग्यातल्या जेलीला उन्हाळ्यात हिरवी दाढी फुटली होती. “डोक्याएवढं काहीतरी पाहिजे काकू, पाण्यानं भरलेलं,” असं मी फोनवर म्हटलं. रविवारी सकाळी काकू इस्पितळात आल्या त्या कडेवर टरबूज घेऊन.

डॉक्टर पाखमोडे आधीच वैतागलेले होते. “सरांचं डोकं ठीक आहे. पण हे टरबूज मी आत घालू देणार नाही. कोणी पाहिलं तर?”

“रविवारी कोण येऊन राहिलं इथं पाहायला?” काकू म्हणाल्या. “आणि धुऊन आणलं मी.”

आधी सर आत गेले. काचेपलीकडे यंत्र ठकठक करत होतं, आणि सरांचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. काकू त्या पायांकडे एकटक पाहत होत्या, जपमाळ ओढल्यासारखी बोटं चालू होती. लोखंड आत चालत नाही म्हणून सरांनी पट्टा काढून काकूंकडे दिला होता. तो त्यांनी पोटाशी धरून ठेवला होता.

सर बाहेर आले, तोवर मी पहिला नकाशा गाळणीतून काढला होता. कानामागे काही नव्हतं. गोळा कपाळाच्या वर होता.

“सरकली?” सर पडद्यावर वाकले.

“गाठी सरकत नाहीत सर,” डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या नकाशात गोळा मानेकडे. तिसऱ्यात दोन, डावीकडे, शेजारी शेजारी.

सरांनी बोटांवर मोजलं. “म्हणजे कानामागची धरून एकूण पाच!” त्यांचा आवाज अजूनही आशेनं भरलेला होता. “सगळ्या एकदम दिसत नाहीत, एवढंच. आळीपाळीनं दिसतात.”

“पाच गाठींवाला माणूस सकाळी दोनदा तर्री-पोहे मागून खाऊन आला,” काकू म्हणाल्या. “डॉक्टर, टरबूज घाला आत.”

डॉक्टरांनी हात टेकले. पण यंत्र काही ऐकेना. रोग्याचं नाव, वय, वजन भरल्याशिवाय ते सुरूच होत नाही.

“नाव काय लिहू?” डॉक्टरांनी विचारलं.

“लिहा ना, देवतळे,” काकू म्हणाल्या. “घरचंच आहे.”

“वय?”

“गुरुवारी घेतलं.”

डॉक्टरांनी ‘टरबूज देवतळे, वय एक’ असं लिहिलं, आणि ‘पुरुष की स्त्री’ या रकान्यापाशी थोडा वेळ थांबून, सरांकडे पाहत, ‘पुरुष’ केलं. टरबुजाला उशी लावली, यंत्राच्या पट्टीनं बांधलं आणि आत सरकवलं. इतका शांत रोगी आपण आजवर पाहिला नाही, असं ते म्हणाले.

गाळणीला तिचा वेळ लागला. आम्ही चौघं पडद्यासमोर उभे होतो. निळसर नकाशा हळूहळू वरून खाली उमटत गेला, आणि देठाच्या थोडं खाली, उजव्या अंगाला, पिवळाजर्द, गोलमटोल, आवळ्यापेक्षा जरा मोठाच गोळा चमकला. सरांच्या डोक्यातल्या पाचही गाठींपेक्षा तो देखणा होता.

मला वाटलं होतं की मी खूश होईन. झालेही. पण सरांकडे पाहायची हिंमत होईना.

“फळात बिया असतात,” सर हळूच म्हणाले. “रेषा असतात. एखादी खरंच गाठ… आतून नासलं असेल.”

“सुरी आहे का इथं?” काकूंनी विचारलं.

डॉक्टर कर्मचाऱ्यांच्या चहाच्या खोलीतून सुरी घेऊन आले. काकूंनी टरबूज बाहेरच्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलं. “नेमकं दाखव मृणाल. कुठं?”

मी नकाशा पाहून सालीवर बोट ठेवलं. काकूंनी सुरी बरोबर तिथून उभी घातली, पिळली, आणि टरबूज करकरत उघडलं. आतून लालभडक, पाणीदार. काळ्या बिया जिथल्या तिथे. गोळ्याच्या जागी तर बीसुद्धा नव्हती.

सर पुढे झाले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून पाहिलं, मग त्या जागी बोट घालून चाचपलं. मग दुसऱ्या अर्ध्यात चाचपलं. बोटाला लागलेला रस त्यांनी नकळत चाटला.

“गोड आहे,” ते म्हणाले.

आणि खुर्चीत बसले. आतापर्यंत मी त्यांना कधी म्हातारं पाहिलं नव्हतं. कमरेला पट्टा नाही, पँट थोडी घसरलेली, मोज्यातून अंगठा बाहेर.

“म्हणजे गाळणी गाठी शोधत नव्हती,” ते स्वतःशीच म्हणाले. “बनवत होती.”

“सर, खरखर कमी असेल तेव्हा ती चांगलीच चालते…” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

“किती कमी?”

“मोजलं नाही सर.”

“मग मोजा.” त्यांनी मान वर केली, आणि आवाजात जुने सर आले. “किती खरखरीला केवढी गाठ तयार होते, नीट मोजा. जेली करा, टरबुजं आणा, माझं डोकं हवं तितक्या वेळा घ्या. तोच तुमचा प्रबंध. आणि छापताना माझं नाव झाकू नका. त्या कोरियातल्या माणसालाही कळवा. त्याच्याकडे खरे रोगी असतील, त्यांच्या डोक्याला कुणी भोक पाडायला नको.”

मी वही काढली आणि सगळं तसंच लिहून घेतलं. डॉक्टर पाखमोड्यांनी उगाच खिडकी उघडली.

काकूंनी तोवर फोडी केल्या होत्या. एकेक सगळ्यांच्या हातात दिली आणि स्वतःही खायला लागल्या. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, हनुवटीवरून रस गळत होता, आणि तोंडभर टरबूज असल्यामुळे त्यांना धड हसणंही जमत नव्हतं आणि रडणंही.

सर त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. हातातली फोड तशीच होती.

“तुला आनंद झाला?” त्यांनी विचारलं.

काकूंनी घास गिळला. “झाला. लपवू कशाला?”

“फार?”

“फार.”

सरांनी मान हलवली. फोडीतली एक बी नखानं काढली, वर्तमानपत्राच्या कडेला नीट ठेवली.

“मलाही होईल गं,” ते म्हणाले. “जरा वेळ दे.”